व्यसनमुक्ती केंद्रात संगणक आला. डॉक्टर कधी येणार?

७ मार्च २०२५ रोजी कर्नाटक विधानसभेत मांडण्यात आलेल्या अंदाजपत्रकात २०२५-२६ या वर्षासाठी उत्पादन शुल्काच्या, म्हणजे मुख्यतः मद्यावरील कराच्या, वसुलीचे उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठरविण्यात आले. ते मांडणारे मुख्यमंत्री सिद्धरामय्या हे म्हैसूर जिल्ह्याचेच. त्याच जिल्ह्यातील एखादा बांधकाम मजूर किंवा सफाई कामगार जेव्हा दारूच्या विळख्यातून सुटण्याची धडपड करतो, तेव्हा राज्यसंस्था अलीकडे त्याच्यासमोर एक दूरध्वनी क्रमांक, एक ॲप आणि एक चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक ठेवू लागली आहे. एका हाताने बाटली विकायची आणि दुसऱ्या हाताने ती सोडविण्याचे यंत्र पुढे करायचे, असा हा व्यवहार आहे.

या यंत्राचे काय करायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही. व्यसनमुक्ती केंद्रांत संगणकीय नोंदी, दूरध्वनीवरील समुपदेशन, पडद्यावरून वैद्यकीय सल्ला, गोळ्यांची आठवण करून देणारे संदेश ही साधने येऊ लागली आहेत आणि पुढेही येत राहतील. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मार्क्सने शिकविले आहे. म्हणून प्रश्न यंत्र हवे की नको असा नाही. ते कोणाच्या मदतीला येते आणि कोणाच्या ऐवजी येते, त्यात साठणाऱ्या माहितीवर सत्ता कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

रोगाचे आकारमान

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे पिणे मदतीची गरज पडावी इतके अपायकारक आहे, आणि त्यातले २.९ कोटी लोक मद्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत. अशा मद्यावलंबी रुग्णांपैकी ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. देशात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ आहेत जेमतेम ०.७५. या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर ‘डिजिटल क्रांती’च्या घोषणा तपासून घ्यावयास हव्यात.

म्हैसूरचे नाव निघाले की राजवाडा, दसरा आणि रेशीम डोळ्यांपुढे येते. अलीकडे त्यात इन्फोसिसच्या विस्तीर्ण प्रशिक्षण संकुलाची भर पडली आहे. परंतु हा जिल्हा विड्या आणि उदबत्त्या वळणाऱ्या स्त्रियांचा, पौरकार्मिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सफाई कामगारांचा, नंजनगूडच्या कारखान्यांतील कंत्राटी मजुरांचाही आहे. हुणसूर आणि पिरियापट्टण येथे व्हर्जिनिया तंबाखूचा लिलाव केंद्र सरकारचे तंबाखू मंडळच भरविते. हेग्गडदेवनकोटे तालुक्यात कबिनी धरणाने आणि नागरहोळेच्या अभयारण्याने जंगलाबाहेर काढलेले जेनु कुरुब आदिवासी आपल्या ‘हाडी’त, म्हणजे वस्तीत, मोलमजुरीवर दिवस काढतात. जंगल गेले, मध गेला, आणि वस्तीत दारू तेवढी आली.

कामगार दारू का पितो, याचे उत्तर एंगल्सने १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीचे वर्णन करतानाच देऊन ठेवले आहे. ज्याच्या वाट्याला थकवा, घाण, अनिश्चितता आणि अपमान येतो, त्याच्या व्यसनाची जबाबदारी त्याला त्या स्थितीत लोटणाऱ्यांवरही पडते. आपल्याकडे महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. महसुलासाठी रयतेचे घर बुडविणारी ती नीती परकी राजवट गेल्यावरही संपली नाही. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरॅकवर, तेथील भाषेत ‘साराई’वर, बंदी आली. गरिबाची साराई गेली, आणि तिच्या जागी छोट्या पाकिटांतली स्वस्त विदेशी धाटणीची दारू सरकारी महामंडळाच्या गोदामातून बिनबोभाट गावोगाव पोहोचली. महाराष्ट्राचे चित्र वेगळे नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढविले ते वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळावेत म्हणून. त्यातले किती रुपये व्यसनमुक्तीला जातील, याचा उच्चार त्या निर्णयात शोधूनही सापडत नाही.

यंत्राचा उपयोग खरा आहे

असे असले तरी यंत्राचा उपयोग नाकारणे हा कष्टकरी रुग्णावरच अन्याय होईल. दारू शरीरातून उतरविण्याचा उपचार आठ-दहा दिवसांत आटोपतो. खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यांत लागते, आणि पुन्हा पिणे सुरू होते ते बहुधा याच काळात. म्हणजे रुग्णाला सर्वांत अधिक आधार हवा असतो तो केंद्रातून घरी गेल्यावर. हेग्गडदेवनकोट्यापासून म्हैसूर सुमारे ५० किलोमीटर. जंगलाकाठच्या हाड्या त्याहूनही दूर. दर पंधरवड्याला तपासणीसाठी शहरात यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि वर बसभाडे मोजायचे. दोन-तीन खेपांनंतर रुग्ण येईनासा होतो आणि केसपेपरवर ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा पडतो. त्याच्या चिकाटीला दोष देण्याआधी त्याचा हा हिशेब पाहावयास हवा. अशा माणसाशी समुपदेशक आठवड्यातून एकदा फोनवर बोलू शकला, तालुक्याच्या डॉक्टरने त्याच्यासमोर बसून पडद्यावरून तज्ज्ञाचा सल्ला घेतला, तर त्याची मजुरी वाचते आणि कदाचित संसारही.

अशी कामे झालेली आहेत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिची उपकेंद्रे बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात निघाली. ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. निम्हान्स हीच तिची शिखर संस्था. निम्हान्सचे तज्ज्ञ संगणकाच्या पडद्यावरून दूरच्या राज्यांतील जिल्हा डॉक्टरांना व्यसनोपचार शिकवीत आले आहेत. मानसिक आरोग्य संस्थांच्या आणि रुग्णांच्या नोंदींसाठी कर्नाटकाने २०२० मध्ये ‘ई-मानस’ ही प्रणाली आणली, तीही निम्हान्स आणि बंगळूरच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने. ही सारी सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थांची कामगिरी आहे. उपयुक्त साधन निर्माण करायला नफेखोर कंपनीच लागते, हा बाजारवाद्यांचा दावा येथेच खोटा ठरतो.

जे यंत्राला जमत नाही

मात्र यंत्राच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. अनेक वर्षे पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळूरच्या रुग्णालयांत अशा तीव्र अवस्थेतील रुग्ण वाढल्याची नोंद निम्हान्सच्या डॉक्टरांनी केली आहे. त्या घडीला रुग्णाला खाट लागते, शिरेतून औषध लागते, थायमिनचे इंजेक्शन लागते, रात्रभर उशाशी जागणारी परिचारिका लागते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर जे ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, आणि २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी त्या कक्षेतील औषधे दुरून लिहून देण्यास मनाई केली. म्हणजे केंद्र जवळ नसेल तर ॲपमध्ये नुसती तारीख दिसेल. गोळी मिळणार नाही.

माणसाच्या शब्दाला किती बळ असते याचा पुरावा म्हैसूरपासून फार दूर नाही. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी थोड्या बैठका घडविल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुषांनी आधीच्या दोन आठवड्यांत दारूला स्पर्श केलेला नव्हता. केवळ नेहमीचा वाढीव उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्येही १९८६ पासून डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी रुग्णांचे गट, पत्नींचे गट, गावोगावचे पाठपुरावा मेळावे अशी जी रीत घातली, तिच्या मुळाशी माणसाने माणसाजवळ बसणे हेच होते. फोनने ही बैठक लांबवर नेता येते. बैठकच नसेल तर फोन काय नेणार?

सत्ताधाऱ्यांच्या धोरणाचा डाव नेमका येथे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांची पदे कागदावर आहेत. ती भरायची तर वेतन द्यावे लागते, कायम नेमणूक करावी लागते, निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो. त्यापेक्षा एक ॲप विकत घेणे आणि त्याच्या उद्घाटनाची छायाचित्रे छापणे स्वस्त पडते. रिकाम्या खुर्चीपुढे संगणक ठेवला की खुर्ची रिकामी दिसत नाही, आणि किती फोन आले याचा आकडा विधानसभेत ‘सेवेचा विस्तार’ म्हणून वाचला जातो. किती माणसे वर्षभराने दारूपासून दूर राहिली, याचा आकडा मात्र कोणी मागत नाही.

कर्मचाऱ्यांच्या पाठीवर दुहेरी ओझे

ही साधने चालविणार कोण? अनुभव असा आहे की नवे ॲप जुन्या कर्मचाऱ्याच्याच माथी मारले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापत होते, बंद पडत होते, आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. त्याच वर्षी हरियाणातील आशा कार्यकर्त्यांनी फोनवर पाळत ठेवू शकणारे ‘एमडीएम ३६० शील्ड’ हे ॲप घेण्यास नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा कार्यकर्त्या बंगळूरमध्ये कडाक्याच्या थंडीत दिवसरात्र बसल्या. निश्चित मानधनाबरोबरच त्यांची तक्रार अशी होती की, केलेल्या कामाचा मोबदला संकेतस्थळावरील नोंदींशी जोडल्यामुळे कष्टाचे पैसे बुडतात. यंत्राने नोंद घेतली नाही तर काम झालेच नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

व्यसनमुक्ती केंद्रांत हेच घडले तर समुपदेशकाची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावरून पडद्यावरच्या रकान्यांकडे वळेल. पुन्हा प्यायलो हे कबूल करायला रुग्णाला एरवीच धीर लागतो. समोरचा माणूस मान खाली घालून टंकन करीत असेल तर तो खोटे बोलून मोकळा होईल, आणि ते खोटे मोठ्या नेटकेपणाने संगणकात साठविले जाईल.

रुग्णाचे गुपित

सर्वांत गंभीर प्रश्न नोंदीचा आहे. मधुमेह झाला म्हणून कोणी कामावरून काढत नाही. व्यसनी म्हणून काढतात. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी थेट म्हैसूरमध्ये जाऊन मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. प्रकरणातील एकूण माल सुमारे ३९० कोटी रुपयांचा असल्याचे सांगण्यात आले. एवढे विष बनते ते कोणाच्या तरी शरीरात जाण्यासाठीच. त्या विषाच्या आहारी गेलेल्या तरुणाने उपचाराला यावे अशी इच्छा असेल, तर आपले नाव पोलिसांकडे जाणार नाही याची त्याला खात्री हवी. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात सेवन हा गुन्हा आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४-अ अन्वये खटल्यापासून संरक्षणही आहे. पण संरक्षणाचे कलम वकिलाला ठाऊक असते, पोलीस ठाण्याची भीती मात्र वस्तीतल्या प्रत्येकाला.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा या बाबतीत कष्टकऱ्यांच्या हातातील हत्यार आहे. त्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थांना मानसिक आजारांच्या व्याख्येत आणले, कलम २३ ने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आणि कलम २४ ने तो हक्क संगणकीय स्वरूपातील माहितीलाही लागू केला. उलट, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची वाट कलम १७ मध्ये ठेवलेली आहे. खासगी कंपनीने सांभाळायचे गुपित सरकारने सांभाळले नाही तर दाद कोणाकडे मागायची?

पंजाबचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. तेथे २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या गोळ्या दिल्या जातात आणि रुग्णांची संगणकावर नोंद होते. २०२५ च्या नव्या नियमांनी रुग्णाच्या बोटांच्या ठशांसारखी बायोमेट्रिक हजेरी आणली. गोळ्या काळ्या बाजारात जाऊ नयेत हे कारण खोटे नाही. परंतु ठसा देण्याच्या भीतीने जो रुग्ण केंद्राची पायरीच चढणार नाही, त्याची नोंद कोणत्याही संगणकात होणार नाही.

गरिबाच्या घरात फोन बहुधा एकच असतो. तो कधी मुलाच्या हाती, कधी शेजाऱ्याच्या, कधी कामावरच्या मुकादमाच्या हाती असतो. ‘आज दारूची गोळी घेतली का?’ असा संदेश त्यावर आला की गुपित चव्हाट्यावर आले. पत्नीजवळ स्वतंत्र फोन नसेल, तर नवऱ्याच्या पिण्याची आणि मारहाणीची हकीकत तिने कोणत्या यंत्राला सांगायची? शिवाय निपाणी, बेळगाव, कारवारच्या मराठी व कोकणी कुटुंबांना, उर्दू बोलणाऱ्या विडी कामगारांना, हाडीतील आदिवासींना आपल्या भाषेत बोलता आले नाही, तर साधन असून नसल्यासारखेच.

मोबाईल हाही एक गुत्ता

ज्या फोनमधून व्यसनमुक्ती येणार म्हणतात, तोच फोन आज नव्या व्यसनांचे दार झाला आहे. मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी निम्हान्सला २०१४ मध्ये वेगळे उपचार केंद्र काढावे लागले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी इतकी घरे बुडविली की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करणे भाग पडले. आणि मे २०२० मध्ये, टाळेबंदीत प्राथमिक आरोग्य सेवा कोलमडलेली असताना, महाराष्ट्र सरकारने मद्य घरपोच देण्याची मुभा काही आठवड्यांत दिली. बाटली घरपोच नेण्याची इच्छाशक्ती असलेल्या शासनाला औषध घरपोच नेणे जमू नये, हा तंत्रज्ञानाचा दोष नव्हे. तो वर्गीय अग्रक्रम आहे.

मागण्या आणि कार्य

कामगार संघटना, महिला संघटना आणि युवक संघटना यांनी हा प्रश्न आपल्या कार्यक्रमात घेतला पाहिजे. मागण्या स्पष्ट असाव्यात. उत्पादन शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनोपचारासाठी राखून ठेवावा. प्रत्येक तालुका रुग्णालयात दारू उतरविण्यासाठी खाटा, मोफत औषधे आणि कायम नेमणुकीचे समुपदेशक असावेत. जेथे ही पदे भरलेली नाहीत तेथे कोणतेही ॲप ‘सेवा’ म्हणून मोजू नये. साधने सार्वजनिक संस्थांनीच बनवावीत आणि त्यांतील माहिती कोणत्याही कंपनीला, विमा व्यवसायाला, मालकाला वा पोलिसांना मिळू नये. आधार किंवा आरोग्य ओळख क्रमांक नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. नोंदीचे काम करणाऱ्यांना त्याचा वेगळा मोबदला आणि स्वतःच्या भाषेतील साधन मिळावे. किती फोन आले याऐवजी किती रुग्ण वर्षभर टिकले, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा.

चळवळीच्या अंगणातही काही बदल आवश्यक आहे. पिणाऱ्या कामगाराला बेशिस्त ठरवून बाजूला सारण्याची, नाहीतर तो लढ्यात पुढे असतो म्हणून त्याच्या पिण्याकडे कानाडोळा करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. दोन्हींत त्याची पत्नी एकटी पडते. महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली, आंध्रात १९९२ साली नेल्लोरच्या स्त्रियांनी अरॅकविरुद्ध रान पेटविले, तेव्हा त्यांच्या हाती कोणतेही यंत्र नव्हते, संघटना होती. दुकान बंद करण्याचा तो लढा आणि रुग्णाला उभे करण्याचा हा लढा एकमेकांना पूरक आहेत. युनियनच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशा कामगारांच्या बैठकीसाठी राखून ठेवणे, केंद्रातून घरी आलेल्या साथीकडे कोणीतरी जाऊन बसणे, त्याला फोन हवा असेल तर १४४१६ लावून देणे आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा त्याच्या दारात जाणे, एवढे प्रत्येक शाखेला आजपासून करता येण्यासारखे आहे. सरकारकडून रिकामी पदे भरून घेण्याची मागणी असे काम करणाऱ्यांच्याच तोंडून अधिक जोराने उठेल.